रिकामी पिशवी न्यावी

नेरूळच्या एका शिंप्याकडून शिवून घेतलेली,
जुन्या जीन्सच्या पायाची,
वीतभर लांब, एका टोकाला चेन.
निघताना रिकामीच घ्यायची,
घडी घालून मोज्यांच्या मधे.
पोचल्यावर भरायची, तिथं जे स्वस्त असेल त्यानं.
काझात राजमा. जैसलमेरला वाळू.
कोर्लईच्या खानावळवालीनं उकडा तांदूळ दिला होता उसना,
मोजून दिला, मोजून परत घेतला.
कठड्यावर, खडकावर, जीपच्या खिडकीत
पिशवी ठेवली की लेन्स तिच्यावर बसते
खुडूक कोंबडीसारखी.
हलवली तरी हलत नाही.

बाकीचा संसार मिसळणाच्या डब्यात.
हळदीच्या वाटीत
बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या,
खाऊ नका म्हणून बजावणाऱ्या,
त्या दमटपणा खातात.
मोहरीच्या वाटीत रबरबँड,
फोकस एकदा लागला की लेन्सला तिथंच बांधून टाकायला.
जिऱ्याच्या वाटीत एक बोल्ट आणि त्याला पाच फूट सुतळी :
बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडाला पिळायचा,
सुतळी बुटाखाली दाबायची, आणि वर ताणायचं.
जिथं तिपाईला दारातच अडवतात
तिथं ही खिशातून आत जाते.
लॉजमधून उचललेली न्हाणीची टोपी कॅमेऱ्याला.
आपण भिजलो तर वाळतो.
आई अजून विचारते,
डबा कुठं गेला रे तो.

आणि एक सवय, जिला वाटी लागत नाही.
नवं कार्ड घातलं की पहिला फोटो
कागदावर लिहिलेल्या आपल्या नावाचा, नंबरचा.
मी आरशासमोर कागद धरून काढतो,
घाईत, खांद्यावर टॉवेल.

फेब्रुवारीत दिवाळ्याच्या जेटीवर
रोहित बघून होडीतून उतरताना
एक कार्ड पडलं.
नखाएवढं. खाडीच्या चिखलात.
(भरलेलं कार्ड नेहमी वेगळ्या खिशात ठेवावं.
ठेवलं होतं.
भोक त्याच खिशाला होतं.)

एकविसाव्या दिवशी फोन :
"तुजा नंबर यान हाय. येऊन ने."

जयवंताबाई तांडेल.
दारात जुन्या जाळ्यावर जवळा वाळत घातलेला,
बाजूला काठी घेऊन बसलेली ती,
कावळ्यांसाठी एक डोळा, माझ्यासाठी एक.
कार्ड आगपेटीत होतं.
चिखल धुऊन, तांदळात पुरून ठेवून,
मग भाच्याच्या लॅपटॉपवर लावून पाहिलेलं.
"सगला बगितला," म्हणाली. "हजारावर हान.
पाखरू. पाखरू. पाखरू.
आमची होरी हाय, पन रिकामी.
मानूस एकच, तू.
त्यो पन डोले मिटून."

मी हसलो.
होडी रिकामी नव्हती त्या दिवशी.
वल्ह्यावर तिचा नवरा होता,
मी त्याला दोनदा म्हणालो होतो, जरा वाका.

पिशवी तिनंच पाहिली.
यात काय भरतोस, विचारलं.
म्हटलं, जिथं जातो तिथलं.
तिनं ओंजळीनं जवळा भरला, दाबून, चेन लागेना इतका,
आणि पैसे पुरे घेतले, सुटे नाहीत म्हणत दहा जास्तच.

बेलापूरच्या बसमध्ये शेजारचा उठून मागं गेला.
रात्री पारसिकच्या टेकडीवर कठड्यावर ठेवून बघितली.
जवळा हलका. लेन्स कलंडते.
चुरा होतो, शिवणीतून सांडतो.
कुणाला सुचवावी अशी युक्ती नाही.

जवळा खाऊन संपला, आईनं कांद्यावर परतला.
पिशवी मात्र मी धुतलेली नाही.
आता कुठंही कॅमेरा टेकवला
की कुठून तरी मांजर येतं,
थेट फ्रेममध्ये,
आणि त्याच्या मागं, पदराला हात पुसत,
त्याला हाक मारणारं कुणीतरी.